गाठ, नस आणि श्वास: प्रस्तावना

दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या गेलनने दोन मुलांच्या हकिकती लिहून ठेवल्या आहेत. दोघांच्याही मानेत गंडमाळा होत्या. एकाच्या गाठी काढताना वैद्याला रक्तवाहिनी कापली जाण्याची भीती वाटली. त्याने शस्त्र बाजूला ठेवलं आणि गाठी नखांनी ओरबाडून काढल्या. गाठी गेल्या आणि त्यांच्याबरोबर मुलाचा आवाजही गेला. दुसऱ्या मुलाला एकाच बाजूला इजा झाली, त्याचा आवाज अर्धा उरला. स्वरयंत्राला किंवा श्वासनलिकेला धक्काही लागलेला नसताना आवाज जातो कसा, याचं लोकांना नवल वाटलं. गेलनला उत्तर माहीत होतं. मानेतून वर जाणाऱ्या दोन्ही बाजूंच्या बारीक नसा दोऱ्याने आवळल्या की किंचाळणारं डुक्कर तत्क्षणी गप्प होतं, हे त्याने जमलेल्या लोकांसमोर करून दाखवलं होतं.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मर्मांचं वर्णन येतं. कंठनाडीच्या दोन्ही बाजूंना नीला आणि मन्या अशी चार मर्मं सांगितली आहेत. त्यांना इजा झाली तर माणूस मुका होतो, त्याचा आवाज बिघडतो, जिभेला चव कळेनाशी होते, असं तिथे म्हटलं आहे. या मर्मांचा आजच्या शरीरशास्त्राशी एकास एक मेळ घालण्याचा आग्रह मी धरणार नाही. पण मानेच्या या पट्ट्यात हत्यार चाललं की आवाज धोक्यात येतो, हे निरीक्षण जुनं आहे आणि बिनचूक आहे.

इतक्या शतकांनंतरही कान-नाक-घशाच्या ओपीडीत तोच प्रश्न येतो. ‘गाठ मानेत होती, घशाला तर हातही लावला नाही म्हणाले, मग आवाज का बसला?’ हा प्रश्न विचारणाऱ्या माणसासाठी, त्याच्या घरच्यांसाठी आणि टाके काढायला तो ज्यांच्याकडे जातो त्या फॅमिली डॉक्टरांसाठी हे पुस्तक आहे. पुढच्या प्रकरणांत प्रत्येक शस्त्रक्रियेचा तपशील आहेच. मला इथे एकच गोष्ट पक्की करून द्यायची आहे: आवाज आणि श्वास यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो. आवाज बसलेल्या माणसाचा श्वास बहुतेक वेळा सुरक्षित असतो. उलट, स्वच्छ बोलणारा माणूस आतून गुदमरत असू शकतो. ‘बोलतोय ना नीट, मग काळजी नको’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे, आणि ते फार वेळा चुकीचं ठरलं आहे.

मुळात या गाठी म्हणजे काय? लसिका ग्रंथी प्रत्येकाच्या शरीरात असतात आणि त्यांतल्या साधारण एक तृतीयांश एकट्या मानेत दाटलेल्या असतात. दाताला पू झाला, घसा आला, डोक्यात फोड आला की त्या सुजतात आणि ओसरतात. त्यांना कुणी हात लावत नाही. टीबीच्या गाठी, म्हणजे आपल्या आजी-पणजींच्या तोंडची गंडमाळ, आज मुख्यतः गोळ्यांनी बरी होते. तिथे सुईने तपासणी किंवा एखाद्या गाठीची बायोप्सी एवढंच लागतं. गाठी मुळासकट काढाव्या लागतात त्या बहुधा कॅन्सरमध्ये. थायरॉइडचा कॅन्सर, तोंडाचा कॅन्सर, अन्ननलिकेचा कॅन्सर या सगळ्यांची पुढची पायरी लसिका ग्रंथीच असते.

तंबाखू, गुटखा, मिश्री यांनी आपल्या भागात तोंडाच्या कॅन्सरचं काय करून ठेवलंय ते मी सांगायला नको. या कॅन्सरमध्ये मानेत गाठ हाताला लागत नसतानाही मान उघडायची का, यावर डॉक्टरांमध्ये वर्षानुवर्षं वाद होता. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली त्याचं उत्तर न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापलं. ज्यांच्या मानेतल्या गाठी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, त्यांच्यापैकी तीन वर्षांनंतर 80 टक्के हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांमध्ये हे प्रमाण 67.5 टक्के होतं. हा आकडा मी सुरुवातीलाच देते आहे, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणी शस्त्रक्रियाच नको म्हणू नये. गाठ काढण्याचं मोल मोठं आहे. ते मान्य करूनच नसेबद्दल बोलायचं आहे.

मी इथे नस म्हणते ती रक्ताची नव्हे, मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत नेणारी. मेंदूतून निघणारी दहावी नस, व्हेगस, कवटीच्या तळातून बाहेर पडते आणि मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या सोबतीने खाली उतरते. स्वरयंत्र वाटेतच असतं, पण त्याचा मुख्य फाटा तिथे सुटत नाही. तो व्हेगसबरोबर खाली जातो. डावीकडे थेट छातीत शिरतो, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेतो आणि परत वर चढतो. उजवीकडे तो खांद्याकडे जाणाऱ्या धमनीखालूनच वळतो. मग श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून दोन्ही बाजूंचे फाटे वर येतात आणि स्वरयंत्रात मागच्या अंगाने शिरतात. डॉक्टर त्याला रिकरंट लॅरिंजिअल नर्व्ह म्हणतात, आपण परतीची नस म्हणू. जिराफात याच वळशापायी ती काही मीटर लांब असते. माणसात जाडी जेमतेम दोन मिलिमीटर, आणि हे लांबचं फिरणंच तिच्या मुळावर येतं. छातीतल्या टीबीच्या गाठीने, फुप्फुसाच्या कॅन्सरने, अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेने आवाज बसतो तो यामुळेच. अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये तर ज्या गाठी सर्वांत आधी संशयित ठरतात, त्यांतल्या कित्येक या नसेला चिकटूनच असतात. त्या सोडल्या तर कॅन्सर सोडल्यासारखं होतं आणि काढल्या तर नस धोक्यात येते.

आता स्वरतंतूंकडे वळू. श्वासनलिकेच्या तोंडाशी ते दोन झडपांच्या दारासारखे बसलेले आहेत. पुढे जोडलेले, मागे उघडझाप करणारे. श्वास घेताना दार उघडतं, बोलताना मिटतं आणि मिटलेल्या फटीतून हवा थरथरत बाहेर पडली की आवाज होतो. गिळतानाही ते घट्ट मिटतं, नाहीतर पाणी श्वासनलिकेत जाईल. दार मिटवणारे स्नायू बरेच आहेत. उघडणारी स्नायूंची जोडी मात्र एकच आहे. आणि एक स्नायू सोडला तर मिटवणारे-उघडणारे सगळे स्नायू त्या परतीच्या नसेवर अवलंबून आहेत.

एका बाजूची नस गेली तर त्या बाजूची झडप मधोमध येऊन मिटत नाही, अर्धवट ठिकाणी ढिली पडून राहते. दुसरी तिच्यापर्यंत पोचत नाही. फट उरते. आवाज घोगरा, हवा मिसळलेला, कधी एकदम दोन सुरांत फुटलेला येतो. श्वासाला वाट पुरेशी असते. दोन्ही बाजूंच्या नसा एकदम गेल्या तर उलटं होतं. दोन्ही झडपा मधल्या रेषेच्या अगदी जवळ येऊन थांबतात. जवळ असल्यामुळे बोलायला त्रास कमी, आवाज जवळपास नेहमीसारखा. पण श्वास घ्यायला दार उघडत नाही. दोन-तीन मिलिमीटरच्या फटीतून माणूस श्वास ओढत राहतो. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं, आवाज तर छान आहे.

दोन रुग्णांबद्दल सांगते. ओळख पटेल असं काही सांगत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या एक बाई. थायरॉइडचा कॅन्सर होता, ग्रंथी आणि शेजारच्या गाठी काढल्या होत्या, दीड महिना उलटला होता. सोबत मुलगा. त्याने येताना बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणलं होतं. ‘मॅडम, 98 दाखवतंय, एक्स-रे पण साफ आहे, तरी आई म्हणते दम लागतो.’ बाईंना मी बाकावर ताठ बसवलं आणि एका श्वासात आकडे म्हणायला सांगितले. सातावर श्वास संपला. मग ‘आ’ लांबवायला सांगितला. धडधाकट मोठ्या माणसाला तो पंधरा सेकंद सहज धरता येतो. बाईंचा चार सेकंदांत विरला, शेवटी नुसती हवा. पाण्याचा घोट दिला तर ठसका. खोकायला सांगितलं तर खोकल्यात जोर नाही. दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा डावा स्वरतंतू जागचा हलत नव्हता. बाईंचं फुप्फुस उत्तमच होतं. बोलताना फटीतून हवा वाया जात होती, म्हणून दर तीन शब्दांना नवा श्वास घ्यावा लागत होता आणि दिवसभर वर्गात ओरडून त्या थकून जात होत्या. ऑक्सिमीटर हे दाखवू शकत नाही. मुलाला ते कळलं तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. बाईंना मात्र राग आला, कारण इतके दिवस सगळ्यांनी त्यांना ‘टेन्शन घेता तुम्ही’ असंच सांगितलं होतं. त्यांचा राग रास्त होता.

दुसरे एक गृहस्थ. मानेवर दोनदा शस्त्रक्रिया झालेली, दुसरी गाठी परत आल्या म्हणून. आवाज खणखणीत. जिना चढताना धाप, रात्री घोरण्याचा इतका मोठा आवाज की घरचे दुसऱ्या खोलीत झोपायचे. दम्याचं निदान होऊन बरेच दिवस पंप चालू होता आणि पंपाने काडीचा फरक नव्हता. दम्याची शिट्टी श्वास सोडताना वाजते. यांचा आवाज श्वास आत घेताना येत होता, गळ्यातून. एवढा एक फरक कान देऊन ऐकला असता तर पंपाऐवजी दुर्बीण आली असती. शेवटी साध्या सर्दीने सूज आली, उरलीसुरली फट बुजली आणि मध्यरात्री गळ्याला छेद देऊन नळी बसवावी लागली. त्या शस्त्रक्रियांनंतर त्यांचे स्वरतंतू कुणी एकदाही पाहिले नव्हते.

नस दुखावते कशी, हे समजायला शस्त्रक्रियेचा एक टप्पा जवळून पाहू या. थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये मानेच्या मध्यभागातल्या गाठी काढायच्या आहेत. डॉक्टर या भागाला सहावी पातळी म्हणतात. उजवी बाजू. थायरॉइड निघालेली आहे. समोर पिवळसर चरबी आणि तिच्यात विखुरलेल्या गाठी, काही मसुराएवढ्या, काही वालाएवढ्या. चरबी हलक्या हाताने उलगडत गेलं की तिच्यातून तिरपी वर जाणारी पांढरी, चकचकीत दोरी दिसते आणि तिच्या अंगावरून धावणारी केसासारखी तांबडी रक्तवाहिनी. हीच ती. डावीकडे नस सरळ खाचेतून जाते, गाठी बहुतेक तिच्या पुढे असतात. उजवीकडे ती तिरपी असल्यामुळे गाठी पुढेही असतात आणि मागेही. मागच्या काढायच्या तर नस सोडवून अलगद बाजूला घ्यावी लागते. रक्त आलं तर घाईने चिमटा लावायचा नाही, कारण रक्ताच्या थारोळ्यात नस दिसत नाही. जाळून रक्त थांबवणाऱ्या उपकरणाची धग काही मिलिमीटरपर्यंत पसरते, म्हणून नसेजवळ ते वापरायचं नाही किंवा अगदी जपून वापरायचं. सर्वांत अवघड जागा स्वरयंत्रात शिरण्यापूर्वीची. तिथे नस घट्ट जखडलेली असते आणि ग्रंथी पुढे ओढली की ताण नेमका तिथे बसतो. कापली गेल्याने इजा होते असं रुग्णाला वाटतं. बऱ्याचदा नस डोळ्यांना अखंड दिसते आणि तरीही ताणाने ती मुकी झालेली असते. ताणलेली नस बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जागी होते. अनुभवी हातांत कायमची इजा साधारण शंभरात एखाद-दुसऱ्याला होते. तात्पुरती त्याहून बरीच जास्त जणांना होते. मान दुसऱ्यांदा उघडली तर धोका वाढतो, कारण जुन्या व्रणात सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं.

कधी कॅन्सरनेच नसेला विळखा घातलेला असतो. स्वरतंतू आधीच बंद पडला असेल तर नस वाचवण्यात अर्थ नसतो. चालू असेल तर गाठ तिच्यावरून खरवडून काढता येते का हे सर्जन पाहतो. हा निर्णय टेबलावर, मिनिटांत घ्यावा लागतो. म्हणून त्याबद्दलचं बोलणं आदल्या दिवशीच व्हायला हवं.

नस दिसू द्यायची की नाही, यावर एकेकाळी सर्जनांची दोन टोकं होती. तिच्या वाटेला जाऊ नका, दिसली नाही तर दुखावणार नाही, असं मानणारे थोर सर्जन होऊन गेले. अमेरिकेतल्या फ्रँक लाहे यांनी 1938 साली उलट भूमिका मांडली: दरवेळी शोधा, उघडी करा, डोळ्यांसमोर ठेवा. आज जगभर तीच शिस्त आहे. मानेच्या बाजूच्या गाठींचा इतिहासही असाच वळला. जॉर्ज क्राइल यांनी 1906 मध्ये 132 शस्त्रक्रियांचा अनुभव छापला. त्यांच्या पद्धतीत गाठींबरोबर मानेचा मोठा स्नायू, मोठी शीर आणि खांद्याची नसही जायची. जीव वाचायचा, खांदा लुळा व्हायचा. अर्जेंटिनाच्या ओस्वाल्दो सुआरेझ यांनी 1963 मध्ये दाखवलं की गाठी ज्या आवरणात असतात ते आवरण सोलून काढलं तर बाकी सगळं जागेवर ठेवता येतं. आजच्या रुग्णाचा खांदा शाबूत राहतो तो त्या विचारामुळे.

अलीकडे नस तपासत राहणारं यंत्र आलं आहे. भुलीच्या नळीवर स्वरतंतूंना टेकणारे इलेक्ट्रोड असतात. सर्जन बारीक सळईने नसेला सौम्य वीज देतो, स्वरतंतू हलला की यंत्र ‘टक’ असं वाजतं. त्याचा सर्वांत मोठा उपयोग असा की पहिल्या बाजूलाच सिग्नल गेला तर दुसरी बाजू त्या दिवशी न करता शस्त्रक्रिया थांबवता येते. दोन्ही नसा एकाच दिवशी जाण्याचा प्रसंग त्यामुळे टळतो, आणि माझ्या मते यंत्राची सारी किंमत या एका कारणाने वसूल होते. पण ते सगळीकडे नसतं. नाही म्हणून शस्त्रक्रिया वाईट होत नाही. नस ओळखणारे डोळे आणि घाई न करणारा हात हे आजही पहिले.

परतीच्या नसेखेरीज आणखी एक फाटा आहे. तो वरून येतो आणि स्वरतंतू ताणणाऱ्या एकाच स्नायूला चालवतो. तो दुखावला तर बोलणं ठीक चालतं, वरचा सूर लागत नाही, लांब हाक मारता येत नाही. स्वरतंतू हलताना दिसतात, त्यामुळे तपासणीत चुकून ‘सगळं नॉर्मल’ लिहिलं जातं. ऑपेरा गायिका अमेलिता गॅली-कुर्ची यांची गलगंडाची शस्त्रक्रिया 1935 साली झाली आणि त्यात हाच फाटा गेला म्हणून त्यांचं गाणं संपलं, असं पुस्तकांतून पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर शंका घेतली, कारण त्यांच्या आवाजाची उतरण आधीच लागली होती. गोष्ट खरी असो वा नसो, तिने सर्जनांना या फाट्याकडे लक्ष द्यायला लावलं. गायक, कीर्तनकार, शिक्षक, मंडईत हाळी देणारे, एसटीचे कंडक्टर यांनी आपला व्यवसाय सर्जनला आधी आवर्जून सांगावा. केसपेपरवर ‘व्यवसाय’ ही ओळ रिकामी सोडण्यासारखी नाही.

मानेच्या बाजूच्या गाठींमध्ये श्वासाचा आणखी एक धोका आहे. छाती आणि पोटामधल्या पडद्याला चालवणारी नस तिथून खाली जाते. ती दुखावली तर आवाज ठणठणीत राहतो, आडवं पडलं की दम लागतो. आणि कानामागच्या-खांद्यावरच्या पट्ट्यात एखादी छोटी गाठ जागेवरच बधिर करून काढली जाते, तिथे खांद्याची नस त्वचेच्या अगदी खाली असते. ‘एवढीशी तर गाठ’ म्हणून हे काम हलक्यात घेतलं जातं. हात खांद्याच्या वर उचलता न येणं हे त्याचं फळ. वेणी घालता येत नाही, माळ्यावरचा डबा काढता येत नाही.

शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र महत्त्वाची. भुलीच्या नळीमुळे घसा खवखवणं, आवाज दोन-चार दिवस जड राहणं हे होतंच. मान एका बाजूने फुगू लागली, टाके ताणले गेले, रुग्ण अस्वस्थ होऊन उठून बसू लागला तर आत रक्त साचतंय असं समजायचं. हा प्रकार बहुधा पहिल्या चोवीस तासांत होतो. इथे ऑपरेशन थिएटर रिकामं होण्याची वाट पाहत नाहीत, गरज पडली तर खाटेवरच टाके कापून रक्त बाहेर काढतात. नातेवाइकांनी ते पाहून घाबरू नये, तेच जीव वाचवणारं काम असतं. बोटांना, ओठांभोवती मुंग्या येत असतील तर कॅल्शियम उतरलं असण्याची शक्यता असते. ते फार उतरलं तर स्वरयंत्र आकसून श्वास अडू शकतो. आणि भुलीची नळी काढताक्षणी श्वास आत घेताना घर्र असा आवाज येऊ लागला तर दोन्ही स्वरतंतू मध्ये अडकल्याची शंका पहिली घ्यायची. अशा वेळी नळी पुन्हा घालावी लागते, कधी ट्रॅकिऑस्टॉमी, म्हणजे गळ्याला छेद देऊन नळी बसवणं, करावी लागते. ट्रॅकिऑस्टॉमी म्हटलं की घरचे खचतात. ती अनेकदा तात्पुरती असते.

आवाज परत आणण्याचे उपाय आहेत, आणि ते बऱ्याच जणांपर्यंत पोचतच नाहीत याचं मला वाईट वाटतं. ज्येष्ठमधाची कांडी, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या यांनी घशाला बरं वाटतं. नसेपर्यंत त्यातलं काही पोचत नाही. कुजबुजत बोलण्यानेही फायदा नाही. पहिल्या काही आठवड्यांतच स्पीच थेरपिस्टकडे गेलं तर निरोगी स्वरतंतूला फट भरून काढायला शिकवता येतं, आणि दुखावलेल्या बाजूकडे मान वळवून गिळलं की बऱ्याच जणांचा ठसका कमी होतो. नस जागी होईपर्यंत थांबायचं असेल तर ढिल्या स्वरतंतूत जेलचं इंजेक्शन देऊन तो फुगवतात. काही महिन्यांत जेल विरघळतं, तोवर नसेला वेळ मिळतो. या कल्पनेची सुरुवात 1911 मध्ये जर्मनीच्या ब्रुनिंग्स यांनी पॅराफिन टोचून केली होती. पॅराफिन बाद झालं, कल्पना टिकली. वर्षभरात नस आली नाही तर क्योटोच्या नोबुहिको इशिकी यांनी सत्तरच्या दशकात बसवलेली पद्धत आहे. कंठमण्याच्या कुर्चेला छोटी खिडकी पाडून आत पाचर बसवतात आणि पडलेला स्वरतंतू कायमचा मध्ये सरकवतात. रुग्ण जागा असतो, सर्जन त्याला बोलायला लावतो आणि आवाज ऐकत पाचरीचं माप ठरवतो. शाळेतल्या त्या बाईंना इंजेक्शन आणि थेरपी पुरली. वर्गात आता त्या छोटा माईक लावतात.

दोन्ही बाजू गेलेल्यांचं गणित कठीण असतं. लेझरने एका झडपेचा मागचा भाग कापून वाट रुंद करता येते. वाट जितकी रुंद तितका आवाज बारीक. इथे रुग्णाने स्वतः ठरवायचं असतं की त्याला जिना चढायचा आहे की भाषण करायचं आहे, आणि डॉक्टरने ते त्याला स्पष्ट शब्दांत विचारायचं असतं.

मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने 1854 साली दंतवैद्याचा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचे स्वरतंतू पाहिले. आज तेच काम नाकातून घातलेल्या बारीक दुर्बिणीने ओपीडीत काही मिनिटांत होतं, भूल लागत नाही. ते शस्त्रक्रियेआधी एकदा आणि नंतर एकदा व्हावं, एवढीच माझी मागणी आहे. आधी, कारण काहींचा एक स्वरतंतू मुळातच बंद असतो आणि आवाजावरून ते ओळखू येत नाही. अशा माणसाची चालू बाजू दुखावली तर थेट श्वासच अडतो. नंतर, कारण आवाज चांगला असणं हा पुरावा नाही. तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या फॅमिली डॉक्टरांना विनंती, की मानेवर शस्त्रक्रियेचा व्रण असलेला रुग्ण धाप लागते म्हणून आला तर स्टेथोस्कोप छातीआधी गळ्यावर ठेवा.

आणि वाचकहो, संमतिपत्रावर सही करण्याआधी सर्जनला विचारा: माझे स्वरतंतू आधी पाहिलेत का, कोणत्या नसेजवळ काम आहे, आवाज बदलला तर मी कुणाकडे आणि कधी यायचं? त्याची उत्तरं कागदावर लिहून घ्या. घरी आल्यावर आवाज दोन-तीन आठवड्यांत सुधारला नाही तर दुर्बिणीची तपासणी मागून घ्या. श्वास आत घेताना गळ्यातून आवाज येत असेल, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णाला ज्या मोठ्या रुग्णालयात गळ्याला नळी बसवायची सोय आहे, तिथे घेऊन जा.